पानामागे तीनशे सोम

लिफ्ट बंद आहे.
नव्या भाडेकरूला इथे आधी हे सांगतात,
मग पाण्याची वेळ.
आठव्या मजल्यावर माझं दार, दारावर पाटी:
जर्मन भाषांतर, शिक्क्यासह.
ओशमधून ज्याला परदेशी शिकायला जायचंय
त्याच्या नाकी नऊ इथूनच यायला लागतात,
मजले आठच असले तरी.

एल्दियार आला तेव्हा धापत नव्हता.
प्रत्येक मजल्यावर थांबून
लिफ्टच्या फटीला डोळा लावत आला होता.
“दोर शाबूत आहे, एजे,” म्हणाला.
थोरल्या बहिणीला एजे म्हणतात आमच्याकडे,
आणि जिच्याकडून पैसे कमी करून हवेत तिलाही.

जन्मदाखला.
बाकितबेक उलू एल्दियार.
उलू म्हणजे मुलगा. बाकितबेकचा मुलगा, एवढंच.
तिकडच्या अर्जात आडनावाची चौकट असते
आणि ती रिकामी चालत नाही.
मागे एकाला तिथल्या कचेरीत सहा महिने
श्रीयुत मुलगा अशी हाक मारायचे.
तो दर वेळी उठून उभा राहायचा.
मी तळटीप लिहिते. तळटिपा कोण वाचतं, ठाऊक नाही.

गुणपत्रिका.
गणित पाच, पदार्थविज्ञान पाच.
आमच्याकडे पाचाच्या वर कुणी नाही,
त्यांच्याकडे पाच म्हणजे नापास.
आकड्याला हात लावायचा अधिकार मला नाही.
‘कृपया पोराला उलटं वाचू नये’
असं लिहावंसं वाटलं;
लिहिलं ते नियमातलं.

मग बँकेचा कागद.
वर्षभराचा खर्च आधीच कुलपात ठेवून दाखवायचा.
बहुतेकांचं घोडं अडतं ते इथे.
हे घोडं सुटावं म्हणून बाकितबेकने
खऱ्या दोन घोड्या विकल्या. एक गाभण होती.
कागदावर रक्कम तेवढी आहे.

शेवटी त्याचं पत्र: का यायचंय तुम्हाला?
‘मला लिफ्ट दुरुस्त करायला शिकायचंय.
बनवलेल्या भरपूर आहेत.’
दोन ओळी.
म्हटलं, बाबा रे, त्यांना पानभर हवं असतं,
ध्येय, नेतृत्व, लहानपणीचं एखादं स्वप्न.
तो म्हणाला, लहानपणी मी जिन्यात झोपायचो, दमून.
हे लिही म्हटलं. नाही म्हणाला.
आमचं थोडं वाजलं त्यावरून.

मग हळूच:
“‘परत येईन’ लिहू?”
सगळेच लिहितात.
“लिहिलं की यावंच लागतं?”

हे क्रियापद मला एम्माबाईंनी शिकवलं,
तळमजल्यावरच्या.
त्यांच्या माणसांना गुरांच्या डब्यांतून इकडे आणून सोडलं होतं.
त्र्याण्णव साली त्या जर्मनीला ‘परत’ गेल्या,
कधी न पाहिलेल्या.
पत्रात लिहिलं, इथे मला रशियन म्हणतात.
शिकवताना म्हणायच्या:
हे क्रियापद वाक्यात मोडतं, बघ.
‘वळेन’ सुरुवातीलाच येतं,
‘मागे’ मात्र पार शेवटी,
आणि मधल्या जागेत काय वाट्टेल ते मावतं,
पदवी, नोकरी, बायको,
बर्फाळ गावातली भाड्याची खोली.
शेवटचा शब्द येईपर्यंत
ऐकणाऱ्याने धीर धरायचा.

हे मी त्याला सांगितलं नाही.
वाक्य लिहिलं, मोडून, नियमाप्रमाणे.
शाई सुकायला दोन मिनिटं लागतात,
त्या दोन मिनिटांत तो माझी खिडकी बघत होता,
खिडकीतून दिसणारं नव्हे, खिडकीची बिजागरी.

सहा पानं. पाचांचेच पैसे घेतले.
एजे म्हणाला होता ना.

तो गेला. पावलं खाली खाली जात राहिली,
मग बाहेरचं लोखंडी दार आपटलं.
चहा ठेवला.
टेबलावर त्याचे चार फोटो राहिलेले,
नियमाप्रमाणे न हसता काढलेले.

कुणीतरी जिना चढत होतं.
दार उघडलं तर तोच,
आणि आता धापत होता.